एक खोली, दोन बुकिंगे: शीटमध्येच अट कशी बसवावी

फणस खोली २४ ते २७ डिसेंबर एका कुटुंबाला दिलेली आणि २६ ला दुसरेच पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे. चार खोल्यांच्या घरगुती होमस्टेला सीझनमध्ये याहून वाईट काही नाही. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशी घरे बुकिंग फोनवर घेतात, आणि फोन कधी मुलगा उचलतो, कधी सून, कधी आजोबा. वहीच्या जागी एक्सेल किंवा गूगल शीट आली म्हणून हा गोंधळ आपोआप थांबत नाही. शीट कोरी असते तोवर तुम्ही टाइप कराल ते मुकाट घेते. ‘डेटा व्हॅलिडेशन’ ही सोय नीट बसवली की चुकीची नोंद ती तिथल्या तिथे परत करते.

आधी लिपीबद्दल एक गोष्ट. खाली सूत्रे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनची नावे, रकान्यांची अक्षरे आणि आकडे इंग्रजीच हवेत. मराठी शब्द मात्र (‘परदेशी’, ‘रद्द’, ‘हो’) आहेत तसेच, अवतरणचिन्हांत. पाहुण्यांच्या नोंदी करतानाही आकडे इंग्रजी कळांनीच टाका. मराठी कीबोर्डवरून टाकलेला ‘२५’ शीटला बहुधा आकडा वाटत नाही, नुसता मजकूर वाटतो.

रकान्यांचा क्रम

नियम लिहिण्याआधी रकाने नीट लावा, अर्धे काम तिथेच होते. ज्या गोष्टीवर अट अवलंबून आहे तो रकाना डावीकडे आणि जिच्यावर अट लागते तो उजवीकडे. नोंद डावीकडून उजवीकडे भरली जाते आणि व्हॅलिडेशन त्या क्षणी टाइप होणारा सेलच तपासते. माणसांची संख्या आधी भरली आणि गादी हवी की नको हे नंतर ठरवले, तर गादीचे उत्तर बदलल्यावर माणसांचा आकडा पुन्हा तपासला जात नाही.

‘नोंद’ नावाच्या शीटवर हा क्रम चालतो: ए अनुक्रमांक, बी नाव, सी भारतीय की परदेशी, डी मोबाइल, ई पासपोर्ट क्रमांक, एफ खोली, जी येण्याची तारीख, एच जाण्याची तारीख, आय जादा गादी, जे माणसे, के एकूण भाडे, एल आगाऊ, एम स्थिती. एन रकाना शीटच्या स्वतःच्या हिशेबासाठी राखून ठेवा. पहिल्या ओळीत शीर्षके, नोंदी दुसऱ्या ओळीपासून. नियम ३०० व्या ओळीपर्यंत लावले तर चार खोल्यांना एक सीझन आरामात पुरतो.

‘खोल्या’ नावाच्या दुसऱ्या शीटवर छोटा तक्ता करा. ए रकान्यात माड, काजू, फणस, भिरंड. बी मध्ये प्रत्येकीची क्षमता: २, २, ३, ४. सी मध्ये जादा गादी मावते का ते: मावत असेल तर १, नसेल तर ०. डी रकान्यात स्थितीचे चार शब्द याच क्रमाने: नक्की, रद्द, आले, गेले. हा क्रम पुढे कामाला येतो.

नियम कुठे लिहायचा

एक्सेलमध्ये ज्या सेलना नियम लावायचा ते आधी निवडा, उदाहरणार्थ जी२ ते जी३००. मग वरच्या पट्टीत ‘डेटा’, तिथे ‘डेटा व्हॅलिडेशन’. ‘सेटिंग्ज’ मध्ये ‘अलाउ’ समोर ‘कस्टम’ निवडले की सूत्राची चौकट उघडते. गूगल शीटमध्ये ‘डेटा’, ‘डेटा व्हॅलिडेशन’, ‘अॅड रूल’; निकषात ‘कस्टम फॉर्म्युला इज’ आणि ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ खाली ‘रिजेक्ट द इनपुट’. हा शेवटचा पर्याय विसरलात तर चुकीची नोंद नुसत्या लाल कोपऱ्यासह तशीच राहते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय ‘डेटा’ खाली ‘व्हॅलिडिटी’ या नावाने आहे.

सूत्राचे उत्तर ‘खरे’ आले तर नोंद आत, ‘खोटे’ आले तर परत. सूत्र नेहमी निवडीतल्या पहिल्या ओळीसाठी लिहायचे. निवड दुसऱ्या ओळीपासून असेल तर सूत्रातही २ हवा. निवड पहिल्या ओळीपासून करून सूत्रात २ लिहिला की प्रत्येक सेल खालच्या ओळीची माहिती तपासत बसतो. ‘नियम बरोबर आहे, तरी भलतेच अडवतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघते. डॉलरचे चिन्ह रकान्याच्या अक्षराआधी लावा, ओळीच्या आकड्याआधी नको: $जी२. मग रकाना पक्का राहतो आणि ओळ सरकते.

एक्सेलच्या त्याच खिडकीत ‘इग्नोअर ब्लँक’ ही खूण आधीपासून असते. ती प्रत्येक कस्टम नियमात काढा. नाव साधे वाटते, पण खूण राहिली आणि सूत्रात आलेला एखादा सेल रिकामा असला, तर एक्सेल काहीही स्वीकारते. येण्याची तारीख भरलीच नसेल तर जाण्याची तारीख तपासलीही जात नाही.

तारखा

जाण्याची तारीख येण्याच्या तारखेनंतरची असावी, एवढीच अट आहे. म्हणून बहुतेक जण नुसते =$एच२>$जी२ लिहून मोकळे होतात. त्यात दोन भोके आहेत. जी२ रिकामा असेल तर त्याची किंमत शून्य धरली जाते आणि कुठलीही तारीख शून्यापेक्षा मोठीच. दुसरे, एक्सेलच्या तुलनेत मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा नेहमी मोठा ठरतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर २५/१२/२०२६ मधला २५ त्याला महिना वाटतो, तसा महिना नसल्याने ती तारीख मजकूर म्हणून बसते आणि नियमातून बिनबोभाट पार होते. ०५/१२ आणखी फसवे: ते १२ मे म्हणून बसते आणि दिसायला काही चुकलेले नसते.

म्हणून आधी प्रांताची सेटिंग भारताची करा. गूगल शीटमध्ये ती ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’ खाली ‘लोकेल’ या नावाने आहे, एक्सेल मात्र विंडोजची सेटिंग घेते. मग जी आणि एच रकान्यांना महिन्याचे नाव अक्षरात दिसेल असा फॉरमॅट द्या, म्हणजे मे आणि डिसेंबर डोळ्यांना लगेच वेगळे दिसतात. खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. नुसत्या नजरेने तपासायलाही एवढी खूण पुरते.

जी रकान्याचा नियम असा:

=अँड(इझनंबर($जी२), $जी२>=टुडे()-७, $जी२<=टुडे()+४००, ऑर($एच२="", $एच२>$जी२), काउंटइफ्स($एफ$२:$एफ$३००,$एफ२, $जी$२:$जी$३००,"<"&$एच२, $एच$२:$एच$३००,">"&$जी२, $एम$२:$एम$३००,"<>रद्द")<=१)

एच रकान्याचा नियम याच्यासारखाच, फक्त पहिला भाग वेगळा:

=अँड(इझनंबर($जी२), इझनंबर($एच२), $एच२>$जी२, $एच२-$जी२<=३०, काउंटइफ्स( … वरचेच सगळे … )<=१)

सात दिवस मागे जायची मुभा मुद्दाम ठेवली आहे, कारण अचानक आलेल्या पाहुण्याची नोंद दोन दिवसांनी करायची वेळ येते. त्याहून जुनी तारीख बदलू गेलात तर शीट नाही म्हणेल, आणि तेही बरेच आहे, जुन्या नोंदी बदलायच्या नसतातच. या मर्यादेचा खरा उपयोग डिसेंबरात कळतो. वर्ष न लिहिता २/१ टाइप केले की शीट चालू वर्ष धरते, म्हणजे अकरा-बारा महिन्यांपूर्वीचा जानेवारी. २८ डिसेंबर ते २ जानेवारी हे बुकिंग असे भरले तर एच चा नियम ते लगेच परत करतो, आणि येणेच २ जानेवारीचे असेल तर जी चा नियम अडवतो. दोन्ही वेळा वर्षासकट पूर्ण तारीख लिहायची.

आता त्या काउंटइफ्सचा अर्थ, कारण सगळे काम तोच भाग करतो. शीटला विचारलेला प्रश्न असा: याच खोलीच्या, रद्द न झालेल्या अशा किती ओळी आहेत, ज्यांचे येणे या पाहुण्याच्या जाण्याआधी आहे आणि जाणे या पाहुण्याच्या येण्यानंतर आहे? दोन मुक्काम एकमेकांवर चढतात ते नेमके याच स्थितीत. भरली जाणारी ओळ स्वतःही मोजली जाते, म्हणून उत्तर १ असले तर ठीक, २ झाले की खोली दोनदा दिली गेली. फणस २४ ते २७ दिलेली असताना २६ ते २८ भरून बघा: २४ हा २८ च्या आधी, २७ हा २६ च्या नंतर, उत्तर २, नोंद परत. २७ ते ३० भरा: २७ हा २७ च्या ‘नंतर’ नाही, म्हणून ती जुनी ओळ मोजली जात नाही आणि नोंद आत जाते. सकाळी एक कुटुंब गेले, दुपारी दुसरे आले, हे चालायलाच हवे. म्हणून तिथे ‘<=’ किंवा ‘>=’ लिहू नका, नाहीतर प्रत्येक बदलीच्या दिवशी एक रात्र फुकट जाईल.

हाच नियम घरच्या कामालाही येतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर पाहुण्यांना द्यायचे नसेल, तर नावाच्या रकान्यात ‘घरचे, चवथ’ लिहून प्रत्येक खोलीची एक ओळ भरून ठेवा. २०२६ मध्ये चवथ १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा १२ ते २० अडवा. मग फोन कोणीही उचलो, त्या आठवड्यात खोली दिली जात नाही. मात्र वर मर्यादा ४०० दिवसांची आहे, त्यापुढचे आत्ताच अडवायचे असेल तर आकडा वाढवा.

खोली, गादी, माणसे

एफ, सी आणि आय हे तीन रकाने कस्टम सूत्राने बांधू नका, त्यांना यादी द्या. एफ ला =खोल्या!$ए$२:$ए$५, सी ला ‘भारतीय,परदेशी’ आणि आय ला ‘हो,नाही’ थेट लिहा. मराठीत यादी लावायला एक जास्तीचे कारण आहे: ‘ऱ्य’ सारखी अक्षरे दोन तऱ्हांनी टाइप होतात, डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही पुरते. यादीतून निवडलेला शब्द दर वेळी हुबेहूब तोच असतो, आणि पुढची सूत्रे त्यावरच उभी आहेत.

माणसांच्या अटीसाठी लांबलचक सूत्र न लिहिता एन२ मध्ये क्षमता काढून घ्या आणि ते सूत्र खाली ओढा:

=इफएरर(व्हीलुकअप($एफ२,खोल्या!$ए$२:$सी$५,२,फॉल्स)+इफ($आय२="हो",व्हीलुकअप($एफ२,खोल्या!$ए$२:$सी$५,३,फॉल्स),०),०)

मग जे रकान्याचा नियम एवढाच: =अँड($जे२=इंट($जे२), $जे२>=१, $जे२<=$एन२). ‘४ जण’ असे लिहिले तर इंटला चूक येते आणि नोंद परत जाते. नियमात आलेली चूक ही ‘खोटे’ धरली जाते, इथे ते सोयीचेच आहे. नियम सेव्ह करताना एक्सेल कधी कधी सूत्रात सध्या चूक येते आहे, पुढे जायचे का असे विचारते. समोरचे सेल रिकामे असल्यामुळे तसे होते, ‘येस’ म्हणा. एन रकाना उघडाच ठेवा. फोनवर बोलणाऱ्याला किती माणसे मावतात ते तिथेच दिसते. लहान मुले मोजायची की नाही, हे घरात एकदा ठरवून शीर्षकात लिहून टाका.

मोबाइल आणि पासपोर्ट

डी आणि ई रकान्यांना आधी ‘टेक्स्ट’ फॉरमॅट द्या. तसे केले नाही तर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शून्य गळते आणि + चे चिन्ह नाहीसे होते. डी चा नियम:

=इफ($सी२="परदेशी", लेन($डी२)>=८, अँड(लेन($डी२)=१०, इझनंबर(--$डी२), --लेफ्ट($डी२,१)>=६))

भारतातला मोबाइल दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. मध्ये जागा सोडून लिहिला तर लांबी अकरा होते आणि परत येतो. परदेशी क्रमांकांवर फार कडक अट लावू नका, प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. पासपोर्टचेही तसेच.

पासपोर्टबाबत अडचण वेगळीच आहे. व्हॅलिडेशन चुकीचे अडवते, रिकामे अडवत नाही. सेलला हातच लावला नाही, किंवा डिलीट दाबून तो पुसला, तर नियम चालतच नाही. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, त्यामुळे हा सेल रिकामा राहणे परवडत नाही. पण बुकिंग घेतानाच पासपोर्टची सक्ती केली तरी चालणार नाही, दोन महिने आधी फोन करणारा तो क्रमांक सांगेलच असे नाही. सक्ती हवी ती पाहुणा दारात आल्यावर.

एक्सेलमध्ये यावर नामी उपाय आहे. एम रकान्याला ‘लिस्ट’ लावा आणि यादीच्या जागी हे लिहा:

=इफ(ऑर($सी२="भारतीय", लेन(ट्रिम($ई२))>४), खोल्या!$डी$२:$डी$५, खोल्या!$डी$२:$डी$३)

परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट भरलेला नसेल तर यादीत फक्त ‘नक्की’ आणि ‘रद्द’ दिसतात. क्रमांक भरला की ‘आले’ आणि ‘गेले’ उघडतात. भरणाऱ्याला कुठे अडले ते विचारावेही लागत नाही.

गूगल शीटची यादी अशी सूत्रे घेत नाही. तिथे एम ला कस्टम नियम द्या आणि ड्रॉपडाउनवर पाणी सोडा: =ऑर($एम२="नक्की", $एम२="रद्द", अँड(ऑर($एम२="आले",$एम२="गेले"), ऑर($सी२="भारतीय",लेन(ट्रिम($ई२))>४))). पासपोर्ट क्रमांक असलेली शीट ‘लिंक असेल त्याला उघडी’ अशी ठेवू नका, ज्यांनी नोंदी करायच्या त्यांनाच नावाने परवानगी द्या.

आगाऊ रकमेचा नियम सरळ आहे: =अँड(इझनंबर($एल२), $एल२>=०, $एल२<=$के२). के ला ‘डेसिमल’, शून्यापेक्षा जास्त.

नोंद परत करताना काय सांगायचे

एक्सेलचा ठरलेला संदेश इंग्रजीत येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘एरर अलर्ट’ मध्ये ‘स्टॉप’ ठेवून स्वतःचे वाक्य लिहा, आणि त्यात पुढे काय करायचे ते सांगा. ‘चुकीची तारीख’ यापेक्षा ‘या तारखांना ही खोली दिलेली आहे, दुसरी खोली निवडा किंवा तारखा पुन्हा विचारा’ हे फोन कानाला असलेल्या माणसाला उपयोगी पडते.

ज्या नियमाला कधीतरी अपवाद करावाच लागतो तो ‘स्टॉप’ ने बांधू नका. ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी किमान तीन रात्री घ्यायच्या असे ठरवले असले, तरी ओळखीचा कुणीतरी दोन रात्री मागतोच. एका सेलवर एकच व्हॅलिडेशन बसते, त्यामुळे तारखांच्या कडक नियमात ही मऊ अट मिसळता येत नाही. ती ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ मध्ये टाका, ओळ पिवळी होऊ द्या: =अँड($जी२<>"", $एच२>डेट(इयर($जी२),१२,३१), $एच२-$जी२<३).

नियम कुठून फुटतो

सगळ्यात जास्त फुटतो तो कॉपी-पेस्टने. दुसरीकडून उचललेला सेल साध्या पेस्टने इथे टाकला की त्याच्यासोबत त्याचे नियमही येतात आणि तुमचे पुसले जातात. एक्सेलमध्ये फक्त किंमत पेस्ट केली तर नियम टिकतो, पण ती किंमत तपासली जात नाही. सेल ओढून खाली भरला तरी तपासणी नाही. आधीपासून भरलेल्या नोंदींवर नवा नियम लावला तर जुन्या नोंदीही तशाच राहतात. शीटला पासवर्ड लावून हे थांबत नाही, कारण भरायचे सेल उघडे ठेवावेच लागतात.

खोलीचा रकाना यादीने बांधलेला असल्यामुळे आणखी एक वाट उघडी राहते. तारखा भरून झाल्यावर कोणी ‘माड’ चे ‘फणस’ केले, किंवा रद्द झालेली नोंद पुन्हा ‘नक्की’ केली, तर एकावर एक बुकिंग घुसू शकते. म्हणून ए२ ते एम३०० वर लाल रंगाचे कंडिशनल फॉरमॅटिंग लावाच:

=अँड($एफ२<>"", $एम२<>"रद्द", काउंटइफ्स( … तेच … )>१)

रंग सतत तपासत राहतो, नोंद कुठल्याही वाटेने आत आलेली असो. एकाच खोलीच्या दोन ओळी लाल झाल्या की कुठल्या दोन पाहुण्यांना फोन करायचा ते समोर असते. एक्सेलमध्ये ‘डेटा व्हॅलिडेशन’ च्या बाणाखाली ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ आहे. तो नियमात न बसणाऱ्या सेलभोवती लाल गोल काढतो. आठवड्यातून एकदा चालवा. आधीच्या आठवड्यांच्या येण्याच्या तारखांभोवतीही गोल येतील, ते सात दिवसांच्या अटीमुळे, तेवढे सोडून द्या.

व्हॅलिडेशनच्या चौकटीत एक्सेल २५५ अक्षरांपेक्षा लांब सूत्र घेत नाही. वरची सगळी बसतात, पण अटी वाढवत गेलात तर एन सारखा आणखी एक मदतीचा रकाना काढा आणि नियमात त्याचाच संदर्भ द्या. एन आणि ‘खोल्या’ शीट कुलूपबंद करा: एक्सेलमध्ये भरायच्या सेलचे ‘लॉक्ड’ काढून ‘रिव्ह्यू’, ‘प्रोटेक्ट शीट’, गूगलमध्ये ‘डेटा’ खालचे ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’.

घरच्यांच्या हाती देण्याआधी मुद्दाम चुका करून बघा. एच ला जी चीच तारीख द्या, परत यायला हवी. जी रिकामा ठेवून एच भरा, परत. माड खोलीत गादी ‘हो’ करून तीन माणसे टाका; माडच्या सी मध्ये ० असेल तर परत. दोन मुक्काम एकमेकांवर चढवा, मग पहिला रद्द करा आणि दुसरा पुन्हा भरा, आता आत जायला हवा. परदेशी पाहुणा, पासपोर्ट रिकामा: एम ची यादी उघडा आणि ‘आले’ दिसते का बघा. दिसलेच तर सी मध्ये ‘भारतीय’ तर निवडलेले नाही ना आणि ई खरेच रिकामा आहे ना, ते तपासा.